छायाचित्राखालची ओळ

पडद्यावर दिसणारे हे छायाचित्र आपण यापूर्वी कुठे ना कुठे नक्की पाहिलेले असेल. मध्यभागी एक स्त्री बसलेली आहे. तिच्या उजव्या हाताची बोटे गालाशी टेकलेली आहेत, कपाळावर आठ्या पडलेल्या आहेत आणि तिची नजर कॅमेऱ्याकडे नसून दूर कुठेतरी लागलेली आहे. तिच्या दोन्ही खांद्यांवर दोन मुलींनी माना टाकल्या आहेत; त्या पाठमोऱ्या असल्यामुळे आपल्याला फक्त त्यांचे कापलेले विस्कटलेले केस दिसतात. मांडीवर तान्हे मूल झोपलेले आहे. विसाव्या शतकातील सर्वाधिक वेळा छापल्या गेलेल्या छायाचित्रांमध्ये याची गणना होते. अमेरिकेतील महामंदीचा विषय निघाला, की शाळेच्या पुस्तकापासून टपाल तिकिटापर्यंत हाच चेहरा समोर येतो. तरीही हे छायाचित्र काढल्यानंतर ४२ वर्षे या स्त्रीचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

छायाचित्र मार्च १९३६ मधले आहे आणि ठिकाण आहे कॅलिफोर्नियातील निपोमो. ते काढणाऱ्या डोरोथिया लँग या सॅन फ्रान्सिस्कोत स्टुडिओ चालवून श्रीमंत कुटुंबांची छायाचित्रे काढत असत. मंदीच्या काळात स्टुडिओच्या खिडकीखालून जाणारे बेकारांचे लोंढे पाहून त्या कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुढे शेतमजुरांच्या पुनर्वसनासाठी स्थापन झालेल्या सरकारी खात्याने त्यांना नेमले. रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली या खात्याच्या छायाचित्रकारांनी देशभर फिरून जो संग्रह उभा केला, तो आज वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तेव्हा या छायाचित्रांचा हेतू सरळ होता. खेड्यापाड्यांतील दैन्य शहरातील वाचकांना आणि लोकप्रतिनिधींना दिसावे, आणि मदतीच्या योजनांना पाठिंबा मिळावा, एवढ्यासाठी ती काढली जात होती.

लँग यांनी या दिवसाची हकिकत १९६० मध्ये लिहून ठेवली आहे. महिनाभराचा दौरा संपवून त्या एकट्याच गाडीने घरी निघाल्या होत्या. पाऊस पडत होता. वाटेत वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी दिसली, पण त्या थांबल्या नाहीत. सुमारे २० मैल पुढे गेल्यावर मात्र त्यांनी गाडी वळवली आणि छावणी गाठली. कडाक्याच्या थंडीने वाटाण्याचे पीक गोठून गेले होते, त्यामुळे तोडणीसाठी आलेली अडीच हजारांहून अधिक माणसे कामाविना तिथे अडकून पडली होती. एका फाटक्या पालाच्या तोंडाशी ही स्त्री मुलांना घेऊन बसलेली होती. लँग एकेक पाऊल जवळ जात गेल्या आणि दहा मिनिटांत मोजकीच छायाचित्रे घेऊन निघाल्या. आपण तिचे नाव विचारले नाही आणि तिची कहाणीही विचारली नाही, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. आपले वय ३२ वर्षे आहे, मुले शेतातला गोठलेला भाजीपाला आणि मारलेले पक्षी खाऊन दिवस काढत आहेत, आणि अन्नासाठी तिने नुकतेच गाडीचे टायर विकले आहेत, एवढे त्या स्त्रीने सांगितल्याचे लँग यांना आठवत होते.

छायाचित्राचा परिणाम तातडीने झाला, ही गोष्ट नि:संकोच मान्य केली पाहिजे. १० मार्च १९३६ रोजी ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’मध्ये यांतली छायाचित्रे बातमीसह प्रसिद्ध झाली आणि सरकारने निपोमोच्या छावणीत २० हजार पौंड, म्हणजे ९ हजार किलोहून अधिक अन्नधान्य पाठवले. अनेकांचे प्राण त्यामुळे वाचले असतील. पण ज्या चेहऱ्यामुळे ते धान्य आले, ते कुटुंब तोवर पुढच्या कामाच्या शोधात तिथून निघून गेले होते. त्या धान्यातला दाणाही त्यांच्या वाट्याला आला नाही.

सरकारी नोंदीत छायाचित्राखाली जी ओळ लिहिली गेली, ती अशा अर्थाची होती: कॅलिफोर्नियातील निराधार वाटाणा तोडणारे मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस. या ओळीत पीक आहे, मुलांची संख्या आहे, वय आहे आणि गाव आहे. नावाची जागा मात्र नाही. लँग यांच्यासारख्या संवेदनशील छायाचित्रकाराकडून हे कसे सुटले, असा प्रश्न पडतो. माझ्या मते त्याचे उत्तर त्या कामाच्या पद्धतीतच आहे. सरकारला एक व्यक्ती दाखवायची नव्हती, एक अवस्था दाखवायची होती; आणि अवस्थेला नाव लागत नाही.

ती स्त्री कोण होती, हे १९७८ मध्ये समजले. कॅलिफोर्नियातील मोडेस्टो या गावी राहणाऱ्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांनी स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहून, त्या छायाचित्रातील बाई मीच आहे, असे कळवले. त्या तेव्हा ७५ वर्षांच्या होत्या. त्यांनी सांगितलेली हकिकत लँग यांच्या हकिकतीपेक्षा बरीच वेगळी होती. थॉम्पसन या ओक्लाहोमाकडच्या, चेरोकी या मूलनिवासी समाजातल्या होत्या. अमेरिकेच्या मध्य भागातील धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या शेतांतून बाहेर पडलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांचे प्रतीक म्हणून जो चेहरा चार दशके दाखवला गेला, तो एका मूलनिवासी स्त्रीचा होता. त्या निपोमोच्या छावणीत कामाला आलेल्याही नव्हत्या. वाटेत त्यांच्या मोटारीची टायमिंग चेन तुटली आणि गाडी कशीबशी छावणीत लोटून आणावी लागली. त्यांचे जोडीदार आणि थोरले मुलगे गाडीचा भाग दुरुस्त करून आणायला गावात गेले होते, तेवढ्यात लँग येऊन छायाचित्रे काढून गेल्या. टायर विकल्याची गोष्ट तर त्यांच्या मुलाने साफ नाकारली. त्याच गाडीने ते पुढे गेले होते, मग टायर विकणार कुठून? लँग यांनी दुसऱ्याच कुटुंबाची माहिती या छायाचित्राला जोडली असावी, असे त्याला वाटत होते. दिवसभरात अनेक कुटुंबांना भेटणाऱ्या माणसाच्या हातून असा गोंधळ होणे अशक्य नाही, परंतु एकदा छापली गेलेली ओळ पुढे चार दशके जशीच्या तशी उचलली गेली.

थॉम्पसन यांचे त्यापुढचे म्हणणे ऐकताना मन अस्वस्थ होते. हे छायाचित्र तिने काढलेच नसते तर बरे झाले असते, त्यातून मला एक पैसाही मिळाला नाही, असे त्या म्हणाल्या. छायाचित्र कुठेही छापले जाणार नाही असे आपल्याला सांगण्यात आले होते, असेही त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या एका खांद्यावर मान टाकून उभी असलेली कॅथरीन तेव्हा चार वर्षांची होती. त्या छायाचित्राची घरात सर्वांना लाज वाटे आणि आपण कोण आहोत हे कोणाला कळू नये असे वाटे, असे कॅथरीन यांनी उतारवयात सांगितले. आपली आई म्हणून त्यांनी जी स्त्री पाहिली होती, ती हतबल होऊन बसणारी नव्हती. दिवस उजाडण्यापूर्वी कापसाच्या शेतात शिरून अंधार पडेपर्यंत वेचणी करणारी, दिवसाला २०० किलोच्या आसपास कापूस वेचणारी आणि मजुरांना संघटित करण्याच्या कामातही पुढे असणारी ती बाई होती. मुलांनी पुढे त्यांच्यासाठी घर घेतले, तरी त्यांचा जीव तिथे रमला नाही. आपल्या खाली चाके हवीत, असे म्हणून त्या पुन्हा चाकांवरच्या घरात राहायला गेल्या.

न्यायाने बोलायचे तर लँग यांनाही या छायाचित्रातून मानधन मिळाले नाही. ते सरकारी कामातले असल्यामुळे त्यावर कोणाचाच हक्क नव्हता आणि जगातील कोणतेही वृत्तपत्र ते विनामूल्य छापू शकत होते. छायाचित्राच्या मूळ प्रतीत उजव्या कोपऱ्यात, पालाचा खांब धरलेला एक अंगठा दिसतो. लँग यांना तो खटकला म्हणून त्यांनी पुढे निगेटिव्हवर काम करून तो पुसट करून घेतला. यामुळे स्ट्रायकर नाराज झाले. लक्ष देऊन पाहिले तर त्या अंगठ्याची सावली अजूनही जाणवते. एका अंगठ्यासाठी इतकी काळजी घेतली गेली, हे वाचल्यावर नावाची उणीव जास्तच बोचते.

१९७९ मध्ये बिल गँझेल या छायाचित्रकाराने थॉम्पसन आणि त्यांच्या त्याच तीन मुली यांना पुन्हा एकत्र बसवून नवे छायाचित्र काढले. १९८३ मध्ये थॉम्पसन आजारी पडल्या आणि उपचारांचा खर्च झेपेना, तेव्हा मुलांनी लोकांना मदतीचे आवाहन केले. ३५ हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि तिच्याबरोबर देशभरातून पत्रे आली. ज्यांनी आयुष्यभर त्या चेहऱ्यात आपली आई किंवा आजी पाहिली होती, त्यांनी ती लिहिली होती. त्या पत्रांमुळे मुलांच्या मनातला त्या छायाचित्राविषयीचा कडवटपणा बराच कमी झाला. १६ सप्टेंबर १९८३ रोजी थॉम्पसन यांचे निधन झाले.

नावाचा हा प्रश्न कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूलाही होता, आणि तो मुंबईतही होता. जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस काढलेली सुरुवातीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध झाली, कारण एका अपरिचित तरुणीच्या नावापेक्षा पुरुषाचे नाव अधिक विश्वासार्ह मानले जाई. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज आपण ज्यांचा गौरव करतो, त्यांच्या हातची मुंबईची छायाचित्रे त्या काळच्या वाचकांनी दुसऱ्याच नावाने पाहिली. पुढे दिल्लीत त्यांनी स्वातंत्र्यकाळाचे जे चित्रण केले, ते मात्र त्यांच्या नावावर राहिले.

आता दुसरे छायाचित्र पाहू. २३ फेब्रुवारी १९४५, प्रशांत महासागरातील इवो जिमा बेट, सुरिबाची पर्वताचा माथा. असोसिएटेड प्रेसचे जो रोझेन्थल यांनी टिपलेल्या या क्षणात सहा सैनिक अमेरिकेचा ध्वज उभारत आहेत. याच माथ्यावर त्या दिवशी आधी एक लहान ध्वज लावला गेला होता आणि हा त्याजागी लावलेला मोठा, दुसरा ध्वज आहे. रोझेन्थल यांना आपल्या कॅमेऱ्यात काय आले आहे याची नीट कल्पना नव्हती. फिल्म धुण्यासाठी ग्वामला पाठवली गेली आणि दोनच दिवसांनी अमेरिकेतील रविवारच्या वृत्तपत्रांत ते छायाचित्र पहिल्या पानावर झळकले. त्यांनी सैनिकांची नावे लिहून घेतली नव्हती, कारण तशी सवडच नव्हती. छायाचित्र ठरवून घेतले होते का, असे पुढे कोणी विचारल्यावर त्यांनी होकार दिला. प्रश्न ध्वजाभोवती जमलेल्या सैनिकांच्या दुसऱ्या समूहचित्राविषयी आहे, असा त्यांचा समज झाला होता. त्या एका होकारातून निर्माण झालेला संशय त्यांना आयुष्यभर खोडत बसावे लागले.

अमेरिकेचे सरकार तेव्हा सातव्या युद्धकर्जासाठी पैसा उभारण्याच्या तयारीत होते. या छायाचित्रावरून रंगीत पोस्टर तयार झाले, ते लाखोंच्या संख्येने दुकानांत, बँकांत आणि रेल्वे स्थानकांवर लागले, आणि १,४०० कोटी डॉलरचे उद्दिष्ट असलेल्या या मोहिमेत २,६०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. पोस्टरसाठी नायक हवे होते, म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी छायाचित्रातील सैनिकांना मायदेशी बोलावून घेतले. सहापैकी तिघे त्याच बेटावरील लढाईत काही आठवड्यांच्या आत मारले गेले होते. उरलेल्यांची ओळख घाईघाईने पटवण्यात आली, आणि ही घाई सात दशकांहून अधिक काळ नडली.

छायाचित्रात कोणाचाच चेहरा स्पष्ट दिसत नाही. ध्वजाच्या दांड्याच्या बुडाशी वाकलेला सैनिक हँक हॅन्सन आहे असे जाहीर झाले. त्या सहांपैकी एक असलेले आयरा हेज, ॲरिझोनातील पिमा या मूलनिवासी समाजाचे जवान, वॉशिंग्टनला पोहोचताच म्हणाले, की तो हॅन्सन नाही, हार्लन ब्लॉक आहे. नावे जाहीर होऊन गेली आहेत, आता गप्प राहा, असे त्यांना सांगण्यात आले. इकडे टेक्सासमध्ये ब्लॉक यांच्या आईने वृत्तपत्रातील त्या पाठमोऱ्या, वाकलेल्या आकृतीकडे बोट दाखवून हा आपलाच मुलगा असल्याचे घरच्यांना सांगितले होते, परंतु कोणी विश्वास ठेवला नाही. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये आयरा हेज मिळेल त्या वाहनाला हात दाखवत सुमारे १,३०० मैलांचा प्रवास करून ब्लॉक कुटुंबाच्या दारात पोहोचले आणि खरी गोष्ट त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली. जानेवारी १९४७ मध्ये अधिकृत दुरुस्ती झाली. छायाचित्रांच्या इतिहासात एखादी ओळ दुरुस्त करण्यासाठी माणसाने याहून मोठे कष्ट घेतल्याचे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणखी दोन चुका तशाच राहिल्या. हौशी अभ्यासकांनी त्या दिवशीची इतर छायाचित्रे आणि चित्रफितीतील एकेक चौकट ताडून पाहिली. विजारीचे पाय दुमडलेले आहेत की मोकळे, कमरेला काडतुसांचा पट्टा आहे की नाही, अशा बारीकसारीक खुणांवरून त्यांनी शंका उपस्थित केल्या. २०१६ मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाने जॉन ब्रॅडली यांच्या जागी हॅरॉल्ड शुल्ट्झ यांचे नाव मान्य केले आणि २०१९ मध्ये रेने गॅनियन यांच्या जागी हॅरॉल्ड केलर यांचे. ब्रॅडली पहिल्या ध्वजाच्या वेळी तिथे होते आणि दुसरा ध्वज माथ्यावर घेऊन जाणारे गॅनियनच होते, त्यामुळे त्यांच्या शौर्याला यातून उणेपणा येत नाही. पण सहापैकी तीन नावे चुकलेली होती आणि शेवटची दुरुस्ती व्हायला ७४ वर्षे लागली. शुल्ट्झ आणि केलर दोघेही तोवर हयात नव्हते, आणि हयातीत दोघांनीही जाहीरपणे आपला हक्क सांगितला नव्हता.

आता हे पोस्टर. पिवळी पार्श्वभूमी, निळा शर्ट, डोक्याला पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल, बाही सरसावून दंड दाखवणारी तरुणी आणि वर ‘आम्ही हे करू शकतो’ या अर्थाचे ठळक शब्द. युद्धकाळात अमेरिकी स्त्रियांना कारखान्यांकडे वळवण्यासाठी हे पोस्टर देशभर लावले गेले, असे आपण सर्रास वाचतो. पोस्टरच्या खालच्या कोपऱ्याकडे बारकाईने पाहिले तर वेगळेच दिसते. तिथे १५ ते २८ फेब्रुवारी या काळात लावावे, अशी सूचना छापलेली आहे. जे. हॉवर्ड मिलर या पिट्सबर्गच्या चित्रकाराने ते वेस्टिंगहाउस कंपनीसाठी तयार केले होते. १९४३ मध्ये कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यांत ते दोन आठवडे लागले, सुमारे १,८०० प्रती निघाल्या आणि मग ते उतरवून दुसरे लावण्यात आले. उत्पादन वाढावे आणि गैरहजेरी कमी व्हावी, हा त्या मालिकेचा उद्देश होता. युद्धकाळात बहुतेक अमेरिकनांनी ते पाहिलेही नव्हते. १९८० च्या दशकात ते पुन्हा छापले गेले आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळीने ते आपलेसे केले, तेव्हा त्याला आजचा अर्थ मिळाला.

अर्थ बदलला तशी लोकांना त्यातल्या चेहऱ्याची ओढ लागली. मिशिगनच्या जेराल्डिन डॉयल यांनी १९८४ मध्ये एका मासिकात युद्धकाळातील छायाचित्र पाहिले. ठिपक्यांचा रुमाल बांधलेली एक तरुणी लेथ यंत्रावर वाकलेली होती आणि खाली तिचे नाव नव्हते. आपणही तेव्हा कारखान्यात काही काळ काम केले होते, म्हणून ही मीच, असे त्यांना मनापासून वाटले. दहा वर्षांनी पोस्टर पाहून त्यांनी दोन्हींची सांगड घातली आणि वृत्तपत्रांनी ती उचलून धरली. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा सगळीकडे तसेच छापून आले.

सेटन हॉल विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स किंबल यांना ही सांगड पटत नव्हती. सहा वर्षांच्या शोधानंतर त्यांच्या हाती त्या छायाचित्राची जुनी मूळ प्रत लागली. तिच्या मागे पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. तारीख मार्च १९४२, ठिकाण कॅलिफोर्नियातील अलामेडा येथील नौदलाचा हवाई तळ, आणि नाव नेओमी पार्कर. लेथवर काम करताना या सुंदर मुलीचे नाक यंत्रात अडकते की काय असे वाटते, असे त्या चिठ्ठीत थट्टेने लिहिले होते. मार्च १९४२ मध्ये डॉयल यांचे शालेय शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते.

नेओमी पार्कर फ्रेली तेव्हा हयात होत्या. युद्धकाळातील महिला कामगारांच्या एका मेळाव्यात आपल्याच छायाचित्राखाली दुसऱ्या स्त्रीचे नाव त्यांनी वाचले होते. १९४२ मधले वृत्तपत्राचे कात्रण, त्यावर आपले नाव असलेले, त्यांनी जपून ठेवले होते. ते दाखवून त्यांनी दुरुस्तीचा प्रयत्नही केला होता, परंतु तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. २०१५ मध्ये किंबल त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या होत्या. प्रसिद्धी किंवा पैसा नको, माझी ओळख मला परत हवी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

२० जानेवारी २०१८ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि लेथवरच्या त्या छायाचित्राखाली त्यांचे नाव छापले गेले. मात्र अनेक वृत्तपत्रांनी त्यापुढे जाऊन, पोस्टरवरची स्त्रीही याच, असे ठामपणे लिहिले. किंबल यांनी शोधलेला पुरावा एवढे सांगत नाही. ते छायाचित्र जुलै १९४२ मध्ये मिलर राहत होते त्या पिट्सबर्गच्या एका दैनिकात छापून आले होते आणि रुमालाचे साम्य उघड आहे. पण मिलर यांनी ते पाहून पोस्टर काढले असे सांगणारा एकही कागद मिळालेला नाही.